सायगावची यादी कुणाची?

‘गर्दी’ हा यंदाच्या अंकाचा विषय म्हटल्यावर वारी, लोकल आणि मंडई ही नावं कुणाच्याही मनात आधी येतील. त्यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. म्हणून इथे एक वेगळी गर्दी तपासायला घेतली आहे: मोठ्या गर्दीत शिरणारी छोटी गर्दी. पस्तीस-चाळीस मराठी माणसं, एका रंगाच्या टोप्या, पुढे झेंडा उंच धरलेला टूर मॅनेजर, मागे गुडघेदुखीवाले दोघं-तिघं, आणि भोवती दुचाक्यांचा अखंड लोंढा. शहराचं सरकारी नाव १९७६ पासून हो ची मिन्ह सिटी. तिथली माणसं बोलताना अजून सायगावच म्हणतात आणि मराठी जिभेला तर ते गावच वाटतं, तेव्हा इथेही सायगावच म्हणू.

ही गर्दी अलीकडची आहे. २०१९ मध्ये साऱ्या भारतातून व्हिएतनामला गेलेले पर्यटक दोन लाखसुद्धा नव्हते. २०२४ मध्ये ते पाच लाखांच्या घरात पोचले. २०२२ पासून मुंबईहून थेट विमान मिळू लागलं, २०२३ च्या ऑगस्टपासून ई-व्हिसा नव्वद दिवसांचा झाला, आणि युरोपच्या खर्चाच्या तुलनेत हा देश खिशाला फारच सोसणारा निघाला. मुंबईत मुख्यालय असलेल्या एका औषध कंपनीने २०२४ मध्ये आपले साडेचार हजार कर्मचारी तुकड्या-तुकड्यांनी व्हिएतनामच्या उत्तर भागात फिरवून आणले. सोसायटीतल्या जिन्यात ‘आम्ही यंदा व्हिएतनाम’ हे वाक्य आता ‘आम्ही यंदा काश्मीर’इतक्या सहज ऐकू येतं.

या सहलींवरची टीका आपल्याकडे ठरलेली आहे: गटाने गेलं की शहर दिसतच नाही, दिसते फक्त बसची खिडकी. एकटे फिरणारे तरुण हे फार चढ्या आवाजात म्हणतात. या लेखाचं म्हणणं थोडं निराळं आहे. सायगाव निसटतं ते माणसं गटाने जातात म्हणून नव्हे. गटाच्या हातात जी यादी असते, ती मुळात दुसऱ्या कुणासाठी केलेली आहे, म्हणून ते निसटतं.

साडेनऊ ते एक

यादी कुठल्याही कंपनीची घ्या, फरक उन्नीस-बीसचा. पहिल्या सकाळी ‘सिटी टूर’. नोत्र-दाम कॅथीड्रल: १८७७ ते १८८० मध्ये फ्रेंचांनी बांधलेलं, विटा थेट मार्सेहून आणलेल्या, २०१७ पासून डागडुजी चालू असल्याने फोटोत परांचीही येते. समोर मध्यवर्ती टपाल कचेरी, १८९१ ची. ती आयफेलने बांधली असं सर्रास सांगितलं जातं, पण आराखडा आल्फ्रेड फुलू या वास्तुकाराचा. आत तारायंत्राच्या जाळ्याचा जुना नकाशा भिंतीवर रंगवलेला आहे. मग स्वातंत्र्य प्रासाद, युद्धावशेष संग्रहालय आणि शेवटी १९१४ सालच्या बेन थान बाजारात पाऊण तास. दुसऱ्या दिवशी कू ची भुयारं, तिसऱ्या दिवशी मेकाँगचा त्रिभुज प्रदेश, रात्री नदीवर बोटीत जेवण.

ही यादी नीट वाचली तर तिच्यात दोन हातांची अक्षरं दिसतात. एक फ्रेंच हात: चर्च, टपाल, नाटकगृह, रुंद रस्ते. दुसरा अमेरिकी हात: रणगाडे, बाँब, भुयारं. १९८६ मध्ये ‘दोई मोई’ या धोरणाने देश बाहेरच्यांना उघडू लागला. त्यानंतर आले त्यांत मोठा हिस्सा फ्रेंचांचा आणि अमेरिकेने १९९४ मध्ये व्यापारबंदी उठवल्यावर अमेरिकनांचा. कुणाला आजोबांची वसाहत पाहायची होती, कुणाला स्वतः लढलेली किंवा टीव्हीवर पाहिलेली लढाई. शहराने त्यांच्या आठवणी त्यांना दाखवल्या, आणि त्यात गैर काही नव्हतं. गाइडांचं बोलणं, तिकीटघरं, बस उभी करण्याच्या जागा, वाटेवरची लाखकामाची दुकानं असं सगळं त्या आठवणींभोवती बसत गेलं. नंतर आलेल्यांना तीच घडी तयार मिळाली. सातारच्या निवृत्त शिक्षिकेला सायगावात पहिल्यांदा दाखवलं जातं ते मार्सेच्या विटांचं चर्च. तिच्या आयुष्यात मार्सेचा संबंध आलाच असेल तर सावरकरांच्या उडीपुरता.

यादीतली एक वास्तू मात्र खरोखर व्हिएतनामी हाताची आहे. स्वातंत्र्य प्रासाद न्गो व्हिएत थू या वास्तुकाराने उभारला. रोममधला मानाचा पुरस्कार मिळवलेला हा माणूस. १९६२ मध्ये देशाच्याच हवाई दलातल्या दोन वैमानिकांनी जुन्या फ्रेंच राजवाड्यावर बाँब टाकले, त्या जागी १९६६ मध्ये ही इमारत पुरी झाली. दर्शनी भागावर बांबूच्या पेरांसारखी दगडी जाळी आहे. ऊन अडवते, वारा सोडते. उन्हाळ्यात काचेच्या इमारतींत एसीचं बिल भरणाऱ्या आपल्या शहरांनी त्या जाळीपुढे अर्धा तास उभं राहावं. प्रत्यक्षात गट हिरवळीवरच्या रणगाड्यांशी फोटो काढतो आणि तळघरातल्या नकाशांच्या खोल्या बघून बाहेर पडतो, कारण गाइडला शिकवलेली गोष्ट सायगाव पडलं त्या ३० एप्रिल १९७५ ची आहे, जाळीची नाही.

पाटी तीनदा रंगवली

पाहुणा बदलला की दाखवणंही बदलतं, याचा सर्वांत बोलका पुरावा युद्धावशेष संग्रहालयाच्या दारावरच आहे. सप्टेंबर १९७५ मध्ये ते उघडलं तेव्हा नावात अमेरिका आणि तिचे बाहुले यांच्या गुन्ह्यांचा सरळ उल्लेख होता. १९९० मध्ये नावातली अमेरिका गेली, गुन्हे आणि आक्रमण उरलं. १९९५ मध्ये, म्हणजे दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध पूर्ववत झाले त्याच वर्षी, गुन्हेही गेले आणि ‘युद्धावशेष’ एवढं राहिलं. आतल्या छायाचित्रांची धार कमी झालेली नाही. १९६१ ते १९७१ या दशकात जंगलांवर फवारलेल्या एजंट ऑरेंजची पिढ्यान् पिढ्या उतरलेली फळं तिथे भिंतीवर आहेत आणि त्यांच्यापुढून कुणी गप्पा मारत जात नाही. पण पाटी मात्र येणाऱ्याकडे बघून रंगवली गेली. जे शहर अमेरिकनांसाठी एवढी मोठी पाटी बदलू शकतं, ते मराठी गटासाठी टपाल कचेरीतला अर्धा तास सहज बदलेल. मागणारा हवा.

इथे एक आक्षेप रास्त आहे: युद्ध काय फक्त अमेरिकनांची आठवण आहे? व्हिएतनामींची नाही? आहेच, आणि आपलाही धागा त्यात आहे. १९५४ च्या जीनिव्हा करारानंतर नेमलेल्या देखरेख आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे होतं, पोलंड आणि कॅनडा सदस्य. भारतीय अधिकारी या देशात वर्षानुवर्षं तळ ठोकून होते. कोलकात्यात अमेरिकेचा वाणिज्य दूतावास ज्या रस्त्यावर आहे त्याला हो ची मिन्ह यांचं नाव दिलं गेलं. तेव्हा संग्रहालय यादीतून काढा असं कुणीच म्हणणार नाही. म्हणणं एवढंच की तिथे भारतीय गटाला सांगण्याजोगी गोष्ट निराळी आहे, आणि ती कुणी सांगत नाही.

कंद, कूट आणि गनिमी कावा

कू चीला गट बहुधा बेन दिन्हच्या बाजूला जातो, शहराला ते जवळ पडतं म्हणून. भुयारांचं जाळं एकूण अडीचशे किलोमीटरचं असल्याचं सांगतात. पर्यटकांसाठी ठेवलेला तुकडा रुंद केलेला आहे. तरी मध्यमवयीन मराठी पोटाला तो अरुंदच. पालापाचोळ्याखालचं झाकण, धूर दूरवर पसरवून सोडणारी चूल, वारुळात लपवलेली हवेची भोकं बघून झाली की बाकांवर बसवून उकडलेला कसावाचा कंद देतात आणि बरोबर वाटीत शेंगदाणे, तीळ, मीठ यांचं भरड कूट. ‘आमचे लढवय्ये हेच खाऊन लढले,’ असं गाइड सांगतो. पाश्चात्त्य पाहुण्याला ती उपासमारीची चव वाटते. आपल्या गटाला काय वाटायला हवं? हा तोच कंद, ज्याचा साबुदाणा होतो. साबुदाणा आणि शेंगदाण्याचं कूट पुढ्यात आलं की महाराष्ट्रात एकादशी असते. एकाच्या नाइलाजाचं जेवण दुसऱ्याचं व्रताचं जेवण होतं, ही गंमत त्या बाकावर बसूनच उलगडता येईल. पण लेखी संहितेत ती नाही, त्यामुळे बायका आपापसांत ‘अगं, हे तर उपासाचं’ म्हणतात आणि गाइडला ते कधीच कळत नाही.

भुयारांपाशी मराठी गटातून एक प्रश्न हमखास येतो: व्हिएतनामींनी गनिमी कावा शिवाजी महाराजांकडून घेतला ना? भ्रमणध्वनीवर वर्षानुवर्षं फिरणारी ती गोष्ट आहे. कुणी व्हिएतनामी नेता रायगडावर येऊन माती कपाळाला लावून गेला वगैरे तिचे तपशील दरवेळी वाढतात. तिला कागदाचा आधार नाही. दुःख याचं की या खोट्या गोष्टीमुळे खरी हुकते. व्हिएतनामी सेनानी स्वतः ज्याचा वारसा सांगतात तो त्रान हुंग दाओ. तेराव्या शतकात त्याने मंगोलांना हरवलं, आणि १२८८ मध्ये बाख दांग नदीच्या पात्रात अणकुचीदार खुंट रोवून, ओहोटीची वेळ साधून त्यांचं आरमार अडकवलं. त्याचा पुतळा सायगावात नदीकाठच्या मे लिन्ह चौकात उभा आहे, बोट पाण्याकडे रोखून. शेजारच्या धक्क्याचं नावच बाख दांग. रात्रीच्या जेवणाच्या बोटीकडे निघालेल्या कित्येक बस या चौकाला वळसा घालतात. भरती-ओहोटीची युद्धं ठाऊक असलेल्या, खांदेरी-जंजिऱ्याच्या गोष्टींवर वाढलेल्या माणसाला तिथे खाली उतरवलं तर गाइडला प्रश्न आवरता येणार नाहीत.

नारळ बघायला एवढ्या लांब?

तिसऱ्या दिवसाची मेकाँगची सहल म्हणजे या लेखाच्या म्हणण्याची जिवंत साक्ष. मी थोपर्यंत सत्तरेक किलोमीटर बस, पुढे मोटरबोटीने बेटावर, मग पाणझावळ्यांच्या सावलीतल्या ओढ्यातून वल्हवायची होडी. वाटेत मधाचा चहा, फणस, पपई, केळी; एका शेडमध्ये नारळाचं दूध आटवून केलेल्या वड्या, गरम असताना कापून कागदात गुंडाळताना दाखवतात. ल्याँच्या माणसाला हा स्वर्ग. पण मालवणच्या माणसाला पैसे भरून नारळ आणि फणस दाखवायचे? कोकणातली मंडळी चेहरा सरळ ठेवून वडी खातात आणि ‘आपली बरी’ असा निकाल बसमध्ये देतात.

त्याच पाण्यात मात्र एक गोष्ट आहे जी पेण-अलिबागच्या खारेपाटातला शेतकरी जगातल्या कुठल्याही पर्यटकापेक्षा लवकर समजेल. कोरड्या महिन्यांत नदीचा जोर ओसरतो आणि समुद्राचं खारं पाणी आत चढतं. २०१६ आणि २०२० ही वर्षं त्या बाबतीत फार वाईट गेली. वरच्या अंगाला चीन आणि लाओसमधली धरणं, पात्रातला बेसुमार वाळूउपसा, समुद्राची वाढती पातळी अशी कारणं एकात एक गुंतलेली आहेत. किनाऱ्याकडच्या कित्येक शेतकऱ्यांनी यावर वेगळीच वाट धरली: कोरड्या दिवसांत त्याच खाचरात खारं पाणी घेऊन कोळंबी, पावसाने मीठ धुऊन नेलं की भात. बांध फुटून खार शिरली की शेत गेलं, हे आपण पिढ्यान् पिढ्या पाहिलेलं. इथे खार पिकाच्या वेळापत्रकात बसवलेली. ही शेतं मी थोच्या एका दिवसाच्या फेरीत येत नाहीत, समुद्राकडे आणखी खाली जावं लागतं, हे मान्य. पण बोटीतल्या दोन तासांत त्यांच्याबद्दल बोलायला कुणाची आडकाठी आहे?

रस्ता ओलांडण्याची रीत

यादीत नसलेली, आणि तरी प्रत्येक गट परत येऊन सर्वांत आधी सांगतो ती गोष्ट म्हणजे रस्ता. शहरात सत्तर लाखांहून अधिक दुचाक्या असल्याचं सांगतात. सिग्नल नसलेल्या ठिकाणी त्या थांबत नाहीत. थांबतील या आशेवर उभा राहिलेला माणूस संध्याकाळपर्यंत उभाच राहील. रीत अशी: पाऊल टाकायचं, सावकाश आणि एका चालीने चालत राहायचं, मध्येच थबकायचं नाही, मागे तर मुळीच फिरायचं नाही. दुचाकीवाला तुमची चाल लांबून जोखतो आणि पुढून की मागून जायचं ते ठरवतो; तुम्ही चाल बदललीत की त्याचा हिशोब चुकतो. पुण्याच्या माणसाला वाटतं, दुचाक्या मला कोण शिकवणार? पण पुण्यात पादचारी अंदाज बांधतो आणि गाडीवाला वेग घेतो. इथे वेग कमी आणि अंदाज दोघांचा. कार आणि बसच्या बाबतीत ही रीत चालत नाही, एवढं मात्र कुणी तरी बजावून सांगायला हवं.

खरं तर शहराचं सगळं यंत्र या दुचाकीवर चालतं. भाड्याच्या दुचाकीला ‘से ओम’ म्हणतात, ‘ओम’ म्हणजे मिठी, मागे बसणाऱ्याच्या हातांवरून. आता अ‍ॅपवाले हिरव्या जाकिटात फिरतात. रात्री दुचाकी पुढच्या खोलीत, देवघराच्या शेजारी उभी राहते. राहती वस्ती मोठ्या रस्त्यांवर कमी आणि ‘हेम’ म्हणजे बोळांत जास्त. बोळाला बोळ फुटतो, म्हणून पत्त्यात तिरक्या रेघांनी तीन-तीन आकडे. तिथे सकाळी एकीचा फो म्हणजे शेवयांचा रस्सा, दुपारी दुसरीचा भात-भाजीचा डबा, रात्री तिसरीची शहाळी, सगळं गुडघ्याएवढ्या प्लास्टिकच्या स्टुलांवर. पंचेचाळीस आसनांची बस या बोळांत शिरूच शकत नाही. यादीतली ठिकाणं बहुतेक रुंद फ्रेंच रस्त्यांवर का आहेत, याचं अर्धं उत्तर इतिहासात आणि अर्धं बसच्या लांबीत आहे.

‘पण आईला फार चालवत नाही’

आता आक्षेपांकडे. पहिला, सर्वांत वजनदार: गटात येणाऱ्यांपैकी कितीतरी जण आयुष्यात पहिल्यांदा परदेशी येतात. साठी उलटलेल्या, नवरा गेलेल्या, मुलं अमेरिकेत असलेल्या बायका गटामुळेच घराबाहेर पडतात. भाषा येत नाही, शाकाहाराची धास्ती, रात्री छातीत दुखलं तर कोण, या प्रश्नांना झेंडा धरलेला माणूस हेच उत्तर असतं. एकट्याने फिरणाऱ्या तरुणाने या सोयीची टिंगल करू नये. गट हवाच. पण सोय आणि यादी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शाकाहाराचंच घ्या. मराठी गटाला तिन्ही दिवस भारतीय हॉटेलात पनीर मिळतं, कारण ‘इथे सगळ्यात मासळीचं पाणी’ ही भीती. ती खोटी नाही. ‘न्वॉक माम’ पुष्कळ पदार्थांत असतं. पण चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला इथले कितीतरी बौद्ध मांस-मासळी सोडतात. त्यांच्यासाठी ‘चाय’ अशी पाटी लावलेल्या खाणावळी बाराही महिने चालतात: टोफू, अळंबी, फणसाची भाजी, भात. उपास-वार पाळणाऱ्या समाजाला दुसऱ्या उपास-वार पाळणाऱ्या समाजाचं ताट दाखवणं कमी धोक्याचं आणि स्वस्तही.

दुसरा आक्षेप धंद्याचा: यादी बदलली तर खर्च वाढेल, दुकानांच्या थांब्यातून येणारं कमिशन जाईल. हे खरं आहे, आणि व्हिएतनामला त्याचा कडू अनुभव आहे. ‘शून्य डॉलरची सहल’ म्हणून बदनाम झालेल्या फेऱ्यांत पर्यटकाला जवळपास फुकट आणून दुकानांतून वसुली केली जाई. पण इथे सुचवलेल्या बहुतेक जागांना बस लागत नाही किंवा तिकीट किरकोळ आहे. त्रुओंग दिन्ह रस्त्यावरचं मारिअम्मनचं देऊळ बेन थान बाजारापासून चालत काही मिनिटांवर आहे. फ्रेंच अमदानीत तामिळ चेट्टियार सावकार इथे आले, त्यांच्या काळातलं हे देऊळ. आज तिथे भारतीय कमी आणि व्हिएतनामी, चिनी भाविक अधिक. ते उदबत्त्या लावतात आणि गाभाऱ्यामागच्या दगडी भिंतीला कपाळ टेकवून मनातलं बोलतात. लोक त्याला ‘हिंदी आईचं देऊळ’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. दक्षिण भारतीय मुसलमानांनी १९३५ मध्ये बांधलेली मशीद दोंग जू रस्त्यावर आहे, नाटकगृहाच्या अगदी जवळ. प्राणिसंग्रहालयाच्या आवारातल्या इतिहास संग्रहालयात चाम राज्यातली शिवाची, विष्णूची शिल्पं आहेत. ज्या समाजाने हे देव समुद्रापार नेऊन स्वतःचे केले त्याची ती साक्ष आहे. बसशिवाय फिरायला मेट्रोही आहे: तिची पहिली मार्गिका डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झाली आणि ती बेन थानपासूनच निघते.

तिसरा आक्षेप उलट बाजूने येतो, आणि तो सर्वांत अवघड आहे: चाळीस जण बोळात घुसले तर बोळ राहील का? हनोईची ‘रेल्वे गल्ली’ याचं उत्तर देते. घरांच्या उंबऱ्याला लागून जाणाऱ्या रुळांवर फोटोसाठी गर्दी इतकी लोटली की २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये प्रशासनाला अडथळे उभे करावे लागले. म्हणून बोळ हे ‘बघायचं ठिकाण’ म्हणून यादीत घालूच नये. दहा-दहा जणांनी, वेगवेगळ्या दिशांना, गिऱ्हाईक म्हणून जावं. कॉफी प्यावी, पैसे द्यावेत आणि उठावं. वीस हजार डोंगांची आणि पाच लाख डोंगांची नोट, दोन्ही निळसर, तेवढं निरखून.

आठच्या आधी

यादीत एक भोक मात्र आहे, आणि ते मराठी माणसाच्या सवयीने नेमकं भरतं. नाश्ता सातला, बस आठला. आपली मंडळी तर पाचलाच उठतात. साठीनंतर झोप तशीही कमी आणि सकाळच्या फेरीशिवाय पोट साफ होत नाही. साडेपाचला हॉटेलाबाहेर पडून ती जवळच्या ताओ दान बागेत पोचतात तेव्हा सायगाव तिथे आधीच घामाघूम झालेलं असतं. एका कोपऱ्यात तालावर कवायत करणाऱ्या बायका, दुसऱ्यात पिसांचं फूल पायाने उडवत ठेवणारे म्हातारे, झाडांखाली पिंजरे टांगून पक्ष्यांचं गाणं ऐकत बर्फाची कॉफी पिणारे पुरुष. सूचना कुणी देत नाही, झेंडा नाही. कवायतीच्या शेवटच्या रांगेत पंजाबी ड्रेस आणि पांढरे बूट घातलेल्या दोघी हळूच उभ्या राहतात, हात वर करतात, शेजारीण हसून त्यांचा खांदा सरळ करून देते. आठला बस निघायच्या वेळी टूर मॅनेजर माणसं मोजतो. दोन कमी भरतात.